वाकडं अंगण

अर्नेस्टीन ब्रॉडनॅक्स परीक्षेत दोनदा आपटली होती. दोन्ही वेळा घरी येऊन तिने आधी डोक्यावरची हॅट उतरवून खुंटीला लावली आणि मगच नवऱ्याला तोंड दाखवलं. आता तिसऱ्या खेपेची तयारी चालली होती, मागच्या ओसरीवर, बर्फ घातलेला गोड चहा आणि विटेएवढं जाड पुस्तक समोर घेऊन. वय त्रेसष्ट. क्लीव्हलंडच्या पूर्व भागात घरोघरी जाऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यात तिची उमर गेली होती. साठी जवळ आली तेव्हा रात्रीचे वर्ग करून तिने समाजकार्याची मोठी पदवीसुद्धा मिळवली, आणि त्या रविवारी चर्चमध्ये तिला उभं करून लोकांनी टाळ्या वाजवल्या. राहिला होता फक्त राज्याचा परवाना, आणि तो परीक्षेवाचून मिळत नव्हता.

इतकी वर्षं त्या परवान्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. पण आता बैठकांचे पैसे देणाऱ्या विमा कंपन्यांनी नवी टूम काढली होती. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने चालवलेली बैठक, ती बैठकच नव्हे. ती काम करायची त्या संस्थेच्या संचालकांनी अर्नेस्टीनला बोलावून, खुर्ची देऊन, दोनदा घसा खाकरून सांगितलं की सप्टेंबरपर्यंत परवाना आला तर उत्तम. नाही आला तर मंगळवारची बैठक संस्थेतल्या तरुण मॅरेनकडे जाईल आणि अर्नेस्टीनने पुढच्या टेबलावर बसून फोन घ्यायचे.

मंगळवारची बैठक म्हणजे अर्नेस्टीनचा जीव की प्राण. नातवंडं वाढवणाऱ्या आज्या दर मंगळवारी संस्थेच्या तळघरात जमत. कुणाची लेक तुरुंगात, कुणाची नशेच्या नादी, कुणाची देवाघरी. पायऱ्या उतरताना गुडघ्यांना शिव्या घालत त्या यायच्या, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसायच्या, आणि जे घरात पोरांसमोर बोलता येत नाही ते तिथे बोलायच्या. अर्नेस्टीनने ही बैठक सुरू केली तेव्हा तिचे स्वतःचे केस काळे होते. पहिल्या आज्यांपैकी बऱ्याच जणी आता कबरीत होत्या आणि त्यांनी वाढवलेली पोरं ख्रिसमसला अर्नेस्टीनला फोन करत.

काम ती शिकली संस्थेतल्या जुन्या कार्यकर्त्या मिस ऑक्टेव्हियांकडून. वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारताना तिथे, लग्न झालेलं असो वा नसो, आधी 'मिस' लावत. मिस ऑक्टेव्हिया भर जुलैतही हातमोजे घालायच्या. पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या, पायात आवाज न करणारे बूट. बसमधून उतरून दोघी चालायला लागल्या की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवरून हाका यायच्या. तेव्हा त्या रस्त्यांवर झाडं होती, कारखान्याची पाळी सुटलेली माणसं गंजीफ्रॉकवर बसून बेसबॉलची मॅच रेडिओवर ऐकत, आणि कुठल्या ना कुठल्या घरातून मासे तळल्याचा वास येत असे. नव्या माणसाला तिथे एकच प्रश्न असायचा : "तुझी माणसं कुठली गं?" अर्धा मोहल्ला दक्षिणेतल्या अलाबामातून वर आलेला. अर्नेस्टीनने सांगायचं, आईकडून सेल्माजवळची, बापाकडून जॉर्जियाची, आजोबा गाढवं पाळायचे. मग कुणीतरी म्हणायचं, अगं, मग तुझी मावशी माझ्या भावाच्या वर्गात होती. एवढं झालं की दार उघडायचं. मिस ऑक्टेव्हिया म्हणायच्या, "आधी आपलं सांगायचं. आपण कोण ते न सांगता दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा माणूस एक तर पोलीस, नाही तर वसुलीवाला."

आज त्या घरांपैकी निम्म्या घरांच्या जागी गवत होतं. ते गवत बघावं लागू नये म्हणून हल्ली अर्नेस्टीन लांबच्या रस्त्याने कामाला जायची.

तर ओसरीवर मॅरेन आली होती शिकवायला. मॅरेन पंचविशीची, गोरी, तलावाकाठच्या चांगल्या वस्तीतली. ही परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात दिली आणि खिशात टाकली. पोरगी मनाची सरळ होती. मंगळवारची बैठक आपल्याकडे यावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं, म्हणून स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी ती इथे येऊन बसायची.

"ऐका हं, मिस अर्नेस्टीन. पहिल्याच भेटीत क्लायंट विचारते, तुम्हाला मुलंबाळं आहेत का? तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?"

"सांगेन की! दोन आहेत. एक अटलांटात आहे, आणि दुसरा फोन करत नाही."

"तसा पर्यायच नाहीये."

"नाही कसा? कुणी सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं नाही? माझ्या आईने मुस्काट फोडलं असतं माझं."

"उत्तर आहे 'क'. हा प्रश्न तिला का विचारावासा वाटला, ते तिच्याकडून जाणून घ्यायचं."

अर्नेस्टीनने पुस्तक ओढून घेतलं, चष्मा नाकावर सारून स्वतः वाचलं. 'क'च होतं. ती चिडून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे ओरडली, "क्लीओटिस! आत बर्फ आहे का अजून?"

क्लीओटिस म्हणजे नवरा. जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेला, आणि कान तिखट. आतून तो म्हणाला, "आधी मला सांग, हा प्रश्न तुला का विचारावासा वाटला?"

मॅरेनला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. अर्नेस्टीनलाही हसू आलं, पण ती हसली नाही. ती अशीच होती. डोक्यावरच्या हॅटपासून भट्टीतल्या गोड पाईपर्यंत सगळ्यात पहिला नंबर लागायची सवय, आणि कुणी चूक काढली की दिवसभर धुसफुस.

"खरं सांगू का?" मॅरेन म्हणाली. "मला क्लासमध्ये एकच गोष्ट सांगितली होती. तुम्ही कधी नोकरी केलीच नाही असं समजा. कालच पुस्तक वाचून संपवलंय, ऑफिस स्वच्छ आहे, फोन वाजत नाहीये, आणि हातात वेळच वेळ आहे. तिथे बसून उत्तर द्यायचं. काम विसरायचं."

"मग तू काय काय विसरलीस?"

"मला विसरण्यासारखं काही नव्हतंच, मिस अर्नेस्टीन."

ती गेल्यावर क्लीओटिस बर्फ घेऊन बाहेर आला आणि बायकोशेजारी बसला. "तुला जमायचं नाही ते विसरणं," तो म्हणाला. "पंचाहत्तर सालच्या नाचात मी तुझ्या पायावर पाय दिला होता, ते तू अजून विसरली नाहीस."

"बूट पांढरे होते माझे," अर्नेस्टीन म्हणाली.

ऑगस्टमध्ये एक दिवस मॅरेन धावतच आली. परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच आकडे बाहेर काढले होते. कोण पास होतं, कोण नापास, कातडीच्या रंगाप्रमाणे आणि वयाप्रमाणे. गोरी मुलं शंभरात ऐंशीच्या वर पहिल्या फटक्यात पास. काळ्यांतली निम्मीसुद्धा नाहीत. आणि वय जसं वाढत जाई तसा आकडा खाली घसरत जाई. सगळ्यात तळाशी कोण, ते अर्नेस्टीनला चष्मा न लावताही दिसलं. तिच्यासारख्या बायका.

"बघा!" मॅरेनचा चेहरा रागाने लाल झाला होता. "तुमचा दोष नाहीच आहे! ती परीक्षाच तशी आहे!"

क्लीओटिसने टेबलावर मूठ आपटली. "मी काय म्हणत होतो? मी काय म्हणत होतो इतके दिवस?"

अर्नेस्टीनला मात्र हायसं वाटलं नाही. दोनदा नापास झाल्यावर तिने कधी प्रश्नांना नावं ठेवली नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी आपल्याला म्हणेल या भीतीने ती मुकाट राहिली होती. रात्रीच्या रात्री स्वतःलाच दूषणं दिली होती : तू आळशी, तुझं डोकं म्हातारं झालं, तुला ती पदवी कुणी दिली. आता अंगण खरोखरच वाकडं निघालं. आणि तिला वाटलं, आपला दोष असता तर बरं झालं असतं. आपला दोष आपण घासून-पुसून काढला असता, आणखी एक पुस्तक वाचून, आणखी चार दिवस पहाटे उठून. अंगणाला काय करणार? त्यातून नाचायचं त्याच अंगणात होतं, येत्या गुरुवारी, सकाळी आठ वाजता.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"अगं पण..." क्लीओटिस बोलायला लागला.

"जाणार आहे म्हटलं ना!"

परीक्षेचं केंद्र एका मोठ्या दुकानाशेजारी होतं. तिथल्या मुलीने अर्नेस्टीनला घड्याळ काढायला लावलं, खिसे उलटे करून दाखवायला लावले, चष्माही हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. हॅट बाहेरच्या कपाटात गेली. हॅटशिवाय संगणकापुढे बसताना अर्नेस्टीनला कसंसंच झालं.

पहिले दोन तास मात्र झकास गेले. तिने मॅरेनचं ऐकलं. ती पंचवीस वर्षांची झाली, तिचं ऑफिस स्वच्छ झालं, फोन वाजायचा थांबला. कुणी मुलंबाळं विचारली तर तिने त्यांना, का विचारावंसं वाटलं, ते विचारलं. कुणी जेवायला बस म्हटलं तर तिने मर्यादांची चर्चा केली. उत्तरं भराभर पडत गेली. तिला स्वतःचं नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली, पण तिने दोन्ही बाजूला ठेवलं.

मग तो प्रश्न आला. एक वृद्ध स्त्री, नातीला सांभाळते. घराची वीज तोडलेली आहे. नात शाळेत जात नाही. स्त्री बोलायला तयार नाही. समाजकार्यकर्तीने सगळ्यात आधी काय करावं?

आणि अर्नेस्टीन मिसेस गॅदर्सच्या ओसरीवर जाऊन पोचली. एकोणनव्वदचा उन्हाळा. मिस ऑक्टेव्हिया पुढे, अर्नेस्टीन मागे. मिसेस गॅदर्स पायांत टब घेऊन जांभळ्या सालीच्या चवळीच्या शेंगा सोलत होत्या आणि त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. घरात मिट्ट काळोख. मिस ऑक्टेव्हियांनी काही विचारलं नाही. त्यांनी हातमोजे काढले, एकात एक घालून पर्समध्ये ठेवले, खुर्ची ओढली आणि शेंगांत हात घातला. अर्नेस्टीन पायरीवर बसली आणि तीही सोलायला लागली. तिघींची बोटं जांभळी झाली. रस्त्यावर बर्फाच्या गोळ्यांची गाडी येऊन गेली. टब संपत आला तेव्हा मिसेस गॅदर्स शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "पोरीचे बूट फाटलेत, म्हणून शाळेत पाठवत नाही. विजेचं एवढं काही नाही, अंधाराची सवय आहे मला." दुसऱ्या दिवशी बूट आले, त्याच्या पुढच्या आठवड्यात वीज आली. ती नात पुढे नर्स झाली, आणि मिस ऑक्टेव्हिया शेवटच्या दुखण्यात पडल्या तेव्हा तिनेच त्यांची उशी सारखी केली होती.

पडद्यावर चार पर्याय होते. मुलीच्या सुरक्षिततेची खात्री करावी. वीज कंपनीशी संपर्क साधावा. विश्वासाचं नातं जोडावं. शाळेकडून माहिती घ्यावी. चारही बरोबर होते आणि चारही त्या टबाभोवतीच सुरू झाले होते. पण आधी काय? ते ती म्हातारी कोण आहे यावर होतं. अर्नेस्टीन पडद्यावरच्या त्या बिननावाच्या बाईकडे बघत राहिली. हिची माणसं कुठली? हिच्या पायांत काय आहे? हिचे हात कशात गुंतलेत? कितीतरी वेळ ती तशीच बसली. मिस ऑक्टेव्हियांची तिला इतकी आठवण आली की पडदा धूसर झाला.

त्यानंतर काही तिला पुन्हा पंचविशीची होता आलं नाही. प्रत्येक प्रश्नातून एकेक घर उघडायला लागलं, आणि वेळ संपला तेव्हा शेवटचे बरेच प्रश्न तसेच राहिले होते. निकाल तिथल्या तिथे हातात मिळाला. अगदी थोडक्या गुणांनी गेलं होतं.

घरी येऊन तिने हॅट खुंटीला लावली. क्लीओटिस दारात उभा होता. त्याने हॅटकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि एकही विनोद न करता कढई चुलीवर चढवली. कॅटफिशच्या तुकड्यांना मक्याचं पीठ चोळत तो पाठमोराच म्हणाला, "खाऊन घे आधी." अर्नेस्टीन जेवली आणि मग रडली.

सप्टेंबरात मंगळवार मॅरेनचा झाला.

अर्नेस्टीन पुढच्या टेबलावर बसून फोन घेत होती. खालून आज्यांचे आवाज येत होते, म्हणजे येत नव्हते, तेच तिला खुपत होतं. एरवी त्या तळघरातून हसण्याचा नाही तर भांडणाचा आवाज वर यायचाच. शेवटी कॉफीचा थर्मास घेऊन ती पायऱ्या उतरली. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मॅरेन अर्नेस्टीनच्या खुर्चीवर अगदी काठावर बसली होती, आणि आज्या हाताची घडी घालून तिला गोड गोड उत्तरं देत होत्या. "छान चाललंय, बाळा. देवाची कृपा." एवढंच. अर्नेस्टीनला पोरीची दया आली.

"ठेव तो थर्मास आणि बस," मिस झेनोबिया म्हणाल्या.

मिस झेनोबिया पिकेट बैठकीत सगळ्यात वडील. नव्वदी ओलांडलेली, पाठ ताठ, पणतवंड वाढवत होत्या. अलाबामात असताना त्या शाळेत शिकवायच्या, आणि अजूनही त्यांनी बस म्हटलं की माणूस बसत असे.

"मला वरती फोन आहेत, मिस झेनोबिया."

"वाजू देत. बस म्हटलं ना."

अर्नेस्टीन बसली. तिने कधी त्या बाजूच्या खुर्चीवर बसून बघितलं नव्हतं. मॅरेन रांगेने प्रत्येकीला विचारत होती, आठवडा कसा गेला. रांग अर्नेस्टीनपाशी आली. मॅरेन गडबडली, पुढे जावं की थांबावं तिला कळेना. मग तिने तसंच, हलक्या आवाजात विचारलं, "तुमचा आठवडा कसा गेला, मिस अर्नेस्टीन?"

आयुष्यभर हा प्रश्न अर्नेस्टीनने दुसऱ्यांना विचारला होता. छान, देवाची कृपा, असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तोंडातून निघालं दुसरंच.

"मी परीक्षेत नापास झाले. ही तिसरी खेप. चर्चमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला शरम वाटते."

कुणी तिला जवळ घेतलं नाही, कुणी 'असं नाही गं' म्हटलं नाही. आपण शिकवलेलंच त्या करत होत्या, हे अर्नेस्टीनला कळलं. समोरच्याचं संपेपर्यंत मध्ये पडायचं नाही.

मग मिस झेनोबियांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आमच्या गावच्या कोर्टात मी मत द्यायला नाव नोंदवायला गेले होते. तेव्हा आपल्या काळ्या माणसांना त्यासाठी परीक्षा द्यावी लागायची. राज्यघटनेचा एक तुकडा वाचायचा आणि अर्थ सांगायचा. मी दिवसा पोरांना तेच शिकवत होते. टेबलामागच्या माणसाला ते धड वाचताही येत नव्हतं, बोट ठेवून वाचायचा. मी अर्थ सांगितला. तो म्हणाला, नापास."

"मग?" अर्नेस्टीनने विचारलं.

"मग काय? घरी गेले, स्वयंपाक केला. पुन्हा गेले. त्यापायी शाळेतून काढलं मला, तरी गेले. निळा ड्रेस इस्त्री करायचा, पांढरे मोजे चढवायचे आणि जायचं. नापास. पुन्हा जायचं. रांगेत बायका ठरलेल्या, एकमेकींच्या ड्रेसची चेष्टा करायचो."

"किती वेळा गेलात?"

"मोजलं नाही. मोजलं असतं तर गेले असते का?"

मॅरेन डोळे पुसत होती. मिस झेनोबियांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तू कशाला रडतेस गं? तू तर पास झालीस ना?"

सगळ्या आज्या एकदम हसल्या. कितीतरी वेळ हसल्या, अगदी खुर्च्या करकरेपर्यंत, आणि अर्नेस्टीनला वाटलं, हा आवाज आता वर टेबलापर्यंत गेला असणार. मॅरेनही रडता रडता हसायला लागली, आणि ते बघून शेजारच्या आजीने तिच्या हातात रुमाल कोंबला.

हसणं ओसरल्यावर अर्नेस्टीन म्हणाली, "पण मग पास कधी झालात, मिस झेनोबिया?"

"मी?" म्हातारीने मान हलवली. "मी कुठे पास झाले? पासष्ट सालच्या उन्हाळ्यात मतदानाचा कायदा आला आणि ती परीक्षाच बंद पडली. आम्ही जातच राहिलो, तेव्हा कुठे ती गेली."

वर फोन वाजायला लागला होता. अर्नेस्टीन उठली नाही. तिने डोळे पुसले, चष्मा नीट बसवला आणि मॅरेनला विचारलं, "पुढची तारीख कधीची मिळते, बघ बरं जरा."